इरल्यापासून जॅकेटापर्यंत

जून महिना निम्मा सरला, कीं मुंबईच्या उपनगरी गाड्यांतून एक दृश्य नित्य दिसूं लागतें. वाऱ्यानें उलटी झालेली छत्री काखेंत, एका हातांत पिशवी, दुसऱ्या हातांत गाडीची कडी आणि ओढणीच्या टोकांतून निथळणारें पाणी, अशा थाटांत एखादी नोकरदार स्त्री कचेरी गाठण्यासाठीं धडपडत असते. कचेरींत पोंचल्यावर वातानुकूलित हवेंत ओल्या कपड्यांनिशीं दिवस काढणें तिच्या नशिबीं येतें. एका दिवसाची ही गैरसोय असती, तर तिची चर्चा करण्याचें कारण नव्हतें. परंतु पावसाळा चार महिन्यांचा असतो, आणि तेवढे दिवस अंग कोरडें राहतें कीं नाहीं, यावर प्रकृति आणि कामांतील उत्साह हीं दोन्ही अवलंबून असतात.

अलीकडे पुष्कळ स्त्रिया छत्रीच्या जोडीला हलकें जलाभेद्य जॅकेट घेतात. त्यानें हात मोकळे राहतात; वजन दोनशें ते साडेतीनशें ग्रॅमच्या आंतबाहेर असतें; आणि घडी केली म्हणजे तें पिशवीच्या कोपऱ्यांत मावतें. परंतु दुकानांत रंग आणि किंमत एवढ्या दोनच गोष्टी पाहून खरेदी होते, व पहिल्या मुसळधार पावसांत निराशा पदरीं पडते. ही निराशा टाळण्यासाठीं जॅकेट काय करतें आणि काय करूं शकत नाहीं, हें आधीं समजून घेणें इष्ट आहे.

अंग कोरडें राखण्याची कला महाराष्ट्राला नवी नाहीं. कोंकणांत भाताची लावणी करणाऱ्या स्त्रिया बांबूच्या कामट्या आणि झाडांचीं पानें यांचें इरलें डोक्यावर व पाठीवर घेऊन, वांकून तासन्‌तास काम करीत आल्या आहेत. पुढें पानांच्या जागीं प्लॅस्टिकचा कागदही आला. परंतु रचना तीच राहिली. पाऊस वरून येतो, म्हणून इरल्याची वरची बाजू अखंड असते. राबणाऱ्या शरीराला घाम येतो, आणि खालची बाजू उघडी असल्यामुळें वारा तेथून खेळतो. पाणी आंत येऊं न देणें आणि वाफ बाहेर जाऊं देणें, या दोन्ही गोष्टी साधल्या तरच अंग कोरडें राहतें. आजचें कोणतेंही जॅकेट याच दोन कसोट्यांवर घांसून पाहावें.

शास्त्राला या दोन कसोट्या एकदम साधल्या नाहींत. १८२३ सालीं चार्ल्स मॅकिंटॉश यानें, नॅफ्थ्यांत विरघळविलेलें रबर कापडाच्या दोन थरांमध्यें घालून केलेल्या जलाभेद्य कापडाचें पेटंट घेतलें. तें कापड थंडींत ताठर आणि उन्हांत चिकट होई. चार्ल्स गुडइयर यानें १८४४ सालीं गंधकाच्या योगानें रबर टिकाऊ करण्याच्या क्रियेचें अमेरिकन पेटंट मिळविलें, तेव्हां हा दोष दूर होण्याची वाट मोकळी झाली. भारतांत सुरेंद्रमोहन बोस यांनीं १९२० सालीं बंगालमध्यें जो धंदा सुरू केला, त्याच्या ‘डकबॅक’ रेनकोटांचें नांव पुढें घरोघर झालें. रबरी कोटानें पाऊस अडविला; परंतु घामाची वाफही त्यानें कोंडून ठेवली. १९६९ सालीं अमेरिकेंत रॉबर्ट गोर यांना, टेफ्लॉन ज्या पदार्थाचें बनतें तो पदार्थ झपाट्यानें ताणून त्याचा सूक्ष्म छिद्रांचा पडदा करण्याची युक्ति सांपडली. हीं छिद्रें पाण्याच्या थेंबाहून हजारों पटींनीं लहान, परंतु वाफेच्या रेणूहून पुष्कळ मोठीं असतात. थेंब अडतो आणि वाफ निसटते. ‘श्वास घेणारें कापड’ असें ज्यास दुकानदार म्हणतात, त्याचें मर्म एवढेंच आहे.

आतां पहिली कसोटी पाहूं जातां, लेबलावर ५,००० किंवा १०,००० मिलिमीटर असा आंकडा आढळतो. तो पावसाचा आंकडा नव्हे. कापडाचा तुकडा घट्ट धरून त्यावर पाण्याचा दाब वाढवीत नेतात, आणि पाणी झिरपूं लागेपर्यंत किती उंच स्तंभाचा दाब त्यानें सोसला, हें मोजतात. पडणाऱ्या थेंबाचा दाब अल्प असतो. परंतु पाठीवरील पिशवीचे पट्टे किंवा स्कूटरचें ओलें आसन कापडावर बराच अधिक दाब आणतात. म्हणून जोरदार सरींच्या मुंबई-कोंकणांत १०,००० च्या आसपासचा आंकडा पाहावा. पुण्याच्या रिमझिमींत त्याच्या निम्म्यानेंही काम भागतें. नुसतें ‘वॉटर-रेझिस्टंट’ लिहिलेलें वस्त्र भुरभुरीपुरतेंच समजावें. भर पावसासाठीं ‘वॉटरप्रूफ’ हाच शब्द शोधावा.

तथापि कापड कितीही उत्तम असलें, तरी सुई त्याला भोंकें पाडतेच. जॅकेट गळतें तें बहुधा शिवणींतून. म्हणून खरेदी करतांना जॅकेट उलटें करून आंतील प्रत्येक शिवण पाहावी. तिच्यावर गुळगुळीत पट्टी चिकटविलेली असली पाहिजे. कांहीं जॅकेटांत खांदे आणि टोपडें एवढ्याच ठिकाणीं पट्टी असते, आणि काखेच्या व बाजूच्या शिवणी उघड्या राहतात. चेनच्या मागें अथवा पुढें कापडाची झडप आहे कीं नाहीं, हेंही पाहावें. अन्यथा छातीवर ओलाव्याची उभी रेघ उमटते.

दुसरी कसोटी अधिक कठीण आहे, आणि फसगत होते ती येथेंच. वाफ आपण होऊन बाहेर जात नाहीं. आंतील बाष्पदाब बाहेरच्याहून अधिक असेल, तरच ती कापडांतून वाट काढते. बाहेरची हवा थंड व कोरडी असतां ही ओढ मोठी असते. जुलै महिन्यांत मुंबईच्या हवेंतील सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि हवा उष्णही असते. त्यामुळें ओढ मंदावते. थंड प्रदेशांत ज्या जॅकेटाची वाहवा होते, तेंच जॅकेट दादरच्या पुलावर घामाघूम करतें, याचें कारण हें आहे. शिवाय वाफ जाऊं देण्याचें प्रमाण निरनिराळ्या पद्धतींनीं मोजतात. म्हणून एका कंपनीचा आंकडा दुसरीच्या आंकड्याशीं ताडून पाहण्यांत फारसा अर्थ नाहीं.

मग उपाय काय? उपाय इरल्याचाच. वाफेला कापडांतून जावयास लावण्याऐवजीं हवेलाच वाट द्यावी. काखेखालीं उघडणारी चेन, पाठीवर झालरीखालीं झांकलेली जाळी, खालूनही उघडतां येणारी पुढची चेन आणि अंगाला न चिकटणारा सैल घेर, या चार गोष्टी दमट प्रदेशांत महागड्या पडद्याहून अधिक उपयोगी पडतात. घर ते स्टेशन दहा मिनिटें चालणाऱ्या स्त्रीला लेप दिलेल्या साध्या पॉलिएस्टरचें, पट्टी लावलेल्या शिवणींचें आणि वाऱ्याला वाट असलेलें जॅकेट पुरतें. सह्याद्रींत दिवसभर चढणाऱ्या मुलीनें मात्र तीन थरांच्या चिवट कापडावर पैसा खर्च करावा. तेथें पाठीवरच्या ओझ्याखालीं पातळ लेप लवकर झिजतो.

यानंतर येतो मापाचा प्रश्न. स्त्रियांचें म्हणून विकलें जाणारें जॅकेट पुष्कळदां पुरुषी जॅकेटच लहान करून, रंग बदलून ठेवलेलें असतें. खांद्याशीं तें ढगळ होतें आणि नितंबांशीं आवळतें. म्हणून नेहमींच्या कपड्यांवरच तें घालून पाहावें, दोन्ही हात वर करावे आणि मग खालीं बसावें. हात वर केल्यावर बाही कोपराकडे सरकली, तर गाडीची कडी धरतांना पाणी थेट दंडापर्यंत जाणार. मनगटाशीं आवळण्याची पट्टी असणें यासाठींच अगत्याचें आहे. मोबाइल आणि पास राहील असा झांकलेला खिसा ही मागणीही अवास्तव नव्हे.

लांबीचा विचार तर पोषाखावरच अवलंबून आहे. आंखूड जॅकेटाखालून कुडत्याचा घेर बाहेर राहिला, तर तो भिजतो आणि दिव्याची वात जशी तेल वर ओढते, तसें पाणी वर चढून कंबरेपर्यंतचें कापड ओलें होतें. जॅकेटाला त्याबद्दल दोष देणें अन्यायाचें होईल. कुडतें वापरणारीनें गुडघ्यापर्यंतचें जॅकेट घ्यावें. साडी नेसणारीला पदर सामावून घेणारा, बाह्यांचा सैल व लांब कोट अधिक सोयीचा पडतो. स्कूटर चालविणारीनें मात्र फडफडणारा झगा टाळावा. त्याचें किंवा ओढणीचें टोक चाकांत अडकल्यास जिवावर बेततें. टोपडें मानेबरोबर वळलें पाहिजे, नाहींतर रस्ता ओलांडतांना बाजूची मोटार दिसत नाहीं. ढगाळ संध्याकाळीं काळें जॅकेट चालकाच्या नजरेस पडत नाहीं. पिवळा किंवा नारिंगी रंग आणि पाठीवर चकाकणारी पट्टी हें संरक्षणच समजावें.

घेतलेलें जॅकेट टिकविणें हेंही निवडीइतकेंच महत्त्वाचें आहे. वरच्या कापडावर पाण्याचे मोती होऊन ओघळावे म्हणून एक लेप दिलेला असतो. तो मळला, कीं कापड पाणी पितें, जड होतें आणि गळत नसतांही गळल्यासारखें वाटतें. अशा वेळीं सौम्य द्रव साबणानें धुवावें, पुष्कळ पाण्यांत खळबळावें, मऊपणा आणणारें द्रावण वापरूं नये; लेबलावर अनुमति असल्यास मंद उष्णता दिल्यानें लेप पुन्हा जागा होतो. पूर्वीं या लेपांत सर्रास वापरलीं जाणारीं फ्लोरिनयुक्त रसायनें निसर्गांत विघटित होत नाहींत. म्हणून २०२५ पासून कॅलिफोर्निया व न्यूयॉर्क या राज्यांत अशा कपड्यांवर निर्बंध आले आहेत. नव्या निर्धोक लेपांना तेलकट मळ लवकर लागतो. तेव्हां ते अधिक वेळां धुवावे लागतात, एवढें ध्यानांत ठेवावें.

ओलें जॅकेट पिशवींत कोंबून ठेवणें हा मात्र सर्वांत मोठा अपराध होय. ओल आणि उष्णता यांनीं आंतील पॉलियुरेथेनचा लेप चिकट होतो व पापुद्र्यांनीं सुटूं लागतो. मग दुरुस्ती नाहीं. घरीं येतांच तें सावलींत पसरावें, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास पूर्ण वाळवून सैल टांगून ठेवावें.

मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या सरीपूर्वीं, एक सोपी परीक्षा घरींच घेतां येते. आंत फिक्या रंगाचा सुती सदरा घालून, वर जॅकेट चढवून दहा मिनिटें न्हाणीघरांतील फवाऱ्याखालीं उभें राहावें. ओलाव्याचे डाग कोठें पडले, हें सदराच सांगतो. खांद्यावर किंवा शिवणीच्या रेघेवर डाग असेल, तर जॅकेट गळतें. सर्वत्र सारखा दमटपणा असेल, तर दोष बहुधा कोंडलेल्या वाफेचा, आणि काखेची चेन उघडणें हा त्याचा पहिला उपाय. इतकी परीक्षा केलेली स्त्री भर पावसांत घराबाहेर पडतांना आभाळाकडे एकदां पाहील, आणि निश्चिंतपणें चालूं लागेल.