‘अशक्तपणा’ हे निदान नव्हे

‘अंगात त्राणच राहिले नाही, डॉक्टरसाहेब, शक्तीची एखादी गोळी द्या.’ बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावी दवाखाना चालविणाऱ्या प्रत्येक वैद्यास हे वाक्य नित्य ऐकावे लागते. औषधी दुकानदार बंधूंनाही ते नवे नाही. आम्हीही पुष्कळ वर्षे यावर एखादा लोहकल्प, एखादे रसायन आणि मल्टीव्हिटॅमिनची बाटली देऊन मोकळे होत असू. एका रुग्णाने आमची ही सवय मोडली.

साठी ओलांडलेले माळकरी शेतकरी. थकवा, चेहऱ्यावर पांडुता, विस्मरण. हिमोग्लोबिन ८. पांडुरोग स्पष्टच होता. पुनर्नवा मंडूर आणि सोबत लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या आम्ही सुरू केल्या. दोन-तीन महिन्यांत हिमोग्लोबिन ११ वर आले, चेहऱ्यावर तेज दिसू लागले आणि आम्ही समाधान पावलो. पायांना मुंग्या येतात, अंधारात तोल जातो, ही तक्रार मात्र वाढतच गेली. तिला आम्ही वातव्याधी समजून अभ्यंग सांगितले. अखेर मुलाने नांदेडला नेऊन तपासणी केली तेव्हा जीवनसत्त्व बी-१२ अत्यल्प आढळले. पहिला अहवाल आम्ही पुन्हा काढून पाहिला. रक्तपेशींचे आकारमान (एमसीव्ही) तेव्हाच वाढलेले होते. आम्ही केवळ हिमोग्लोबिनचा आकडा वाचला होता.

येथे जे घडले त्याचा उलगडा मुंबईतील एका जुन्या संशोधनापासून होतो. १९२८ मध्ये ल्युसी विल्स या ब्रिटिश संशोधिका मुंबईस आल्या व गिरणी कामगार स्त्रियांमधील गर्भिणी पांडूचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. यकृतातील बी-१२ हे त्याहून वेगळे द्रव्य १९४८ मध्ये पृथक झाले. दोहोंच्या अभावी रक्तपेशी सारख्याच मोठ्या व अपक्व होतात. फॉलिक आम्लाने रक्त सुधारते. परंतु बी-१२ च्या अभावी मज्जातंतूंची होणारी हानी थांबत नाही. म्हणजे रंग परततो आणि रोग आत चालू राहतो.

हा अभाव आपल्याकडे विरळ नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत बी-१२ कमी आढळले. तेथीलच २००८ च्या अभ्यासात, गर्भारपणी ज्या मातांचे बी-१२ कमी होते त्यांची नऊ वर्षांची मुले अवधान व अल्पकालीन स्मृतीच्या चाचण्यांत मागे दिसली. लोहाचीही स्थिती चिंताजनक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी होत्या.

बी-१२ वनस्पतिजन्य आहारात नसते. भाकरी, वरण, पालेभाजी सकस खरी, पण ही उणीव त्यांनी भरत नाही. शाकाहारी माणसास दूध, दही, ताक हाच आधार. आणि खेड्यांत घरचे दूध बहुधा डेअरीस जाते. अश्वगंधा, शतावरी, च्यवनप्राश यांचे गुण आपल्या ठिकाणी आहेतच. तथापि बी-१२ ची जागा ती घेऊ शकत नाहीत, हे मान्य करण्यात शास्त्राचा उपमर्द नाही.

म्हणून आम्ही काही नियम स्वतःस घालून घेतले आहेत. दीर्घकाळच्या थकव्यात संपूर्ण रक्तगणना पाहावी. पेशी लहान असल्यास लोहाभावाचा व रक्तस्रावाचा शोध घ्यावा. मोठ्या असल्यास बी-१२ तपासावे. दोन्ही अभाव एकत्र असता आकारमान सामान्यही दिसते, हे विसरू नये. मुंग्या, तोल जाणे, विस्मरण असल्यास केवळ फॉलिक आम्लावर विसंबू नये. थायरॉईड व मधुमेहाचाही विचार करावा. लोह देताना जेवणासोबतचा चहा बंद करून आवळा वा लिंबू सुचवावे.

दुकानदार बंधूंना विनंती अशी की, दीर्घकाळ मेटफॉर्मिन वा आम्लपित्ताच्या गोळ्या घेणारा ग्राहक शक्तीची गोळी मागू लागला, तर त्यास आधी वैद्याकडे पाठवावे. या दोन्ही औषधांनी बी-१२ चे शोषण मंदावते.

आमच्या त्या रुग्णास इंजेक्शनांनी काही आठवड्यांत उत्साह आला. विस्मरणही पुढे बरेच कमी झाले. तळपायांची बधिरता मात्र अद्याप पूर्ण गेलेली नाही. तो अवशेष आमच्या विलंबाचा आहे. आपल्या शास्त्रात ‘निदान’ या शब्दाचा एक अर्थ हेतू असाही आहे. तो हेतू शोधल्यावाचून दिलेली शक्तीची गोळी रुग्णाचा अमूल्य काळ घेऊन जाते.