रिकाम्या जागेतला निरोप

२००८ साली दक्षिण आफ्रिकेत सुमारे ५७ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते. एवढी संख्या जगात दुसऱ्या कुठल्याच देशात नव्हती. क्वाझुलू-नाताल प्रांताची अवस्था सर्वांत बिकट होती. सरकारी दवाखान्यांत २००४ पासून एचआयव्हीवरची औषधं मिळू लागली होती, पण लोक तपासणीलाच येत नसत. यायचे ते अंथरुणाला खिळल्यावर. दवाखान्याच्या दारात ओळखीच्या कुणी पाहिलं तर, ही धास्ती आजाराहून मोठी. त्यात एचआयव्हीमुळे एड्स होतो यावर खुद्द देशाचे तत्कालीन अध्यक्ष थाबो म्बेकी यांनी शंका घेतली होती. त्या शंकेपायी वाया गेलेल्या वर्षांची किंमत हजारो कुटुंबांनी मोजली.

मोबाइल मात्र गरिबाच्याही हाती पोचला होता. बॅलन्स संपला की लोक ‘प्लीज कॉल मी’ हा फुकटचा संदेश पाठवत. आपल्याकडच्या मिस्ड कॉलचाच लेखी अवतार. त्या संदेशात सुमारे १२० अक्षरांची जागा उरायची. लोकांना तपासणीकडे वळवू पाहणाऱ्या मासिलुलेके प्रकल्पानं नेमकी तीच हेरली. एमटीएन या मोबाइल कंपनीनं जागा दिली आणि ऑक्टोबर २००८ पासून रोज सुमारे दहा लाख संदेशांच्या शेपटाला एड्स हेल्पलाइनचा नंबर जाऊ लागला. जोहान्सबर्गच्या केंद्रात येणारे फोन जवळजवळ तिप्पट झाले. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की निरोप मित्राच्या किंवा बहिणीच्या संदेशासोबत यायचा. तो वाचताना कुणी पाहिलं, तरी संशयाला जागा नव्हती.

पण फोन करणं म्हणजे तपासणी नव्हे. युगांडातल्या म्बरारा शहरात त्याच सुमारास १५ हजार मोबाइल ग्राहकांना एसएमएसवरून एचआयव्हीविषयीची प्रश्नमंजूषा पाठवली गेली. सहांतल्या जेमतेम एकानं उत्तर दिलं. तरी प्रश्नमंजूषेच्या सहा आठवड्यांत तिथल्या केंद्रात तपासणीला येणारे सुमारे हजारावरून चौदाशेवर गेले.

नेमकं काय लिहिलं की माणूस उठून जातो? याचं चांगलं उत्तर दक्षिण आफ्रिकेतल्याच एका चाचणीनं २०१२ मध्ये दिलं. नुसती माहिती देणाऱ्या संदेशांनी फारसा फरक पडला नाही, मग ते तीन असोत की दहा. धीर देणारे, ‘जा, करून घ्या’ म्हणणारे दहा संदेश ज्यांना मिळाले, त्यांच्यात तपासणी करून घेण्याची शक्यता सुमारे १.७ पट झाली.