बेतून घेतलेल्या लॅपटॉपचा संसार

शिंप्याकडे माप देऊन शिवून घेतलेला कोट आणि दुकानांतून उचललेला तयार कोट यांतील भेद पहिल्या दिवशीं फारसा जाणवत नाहीं. दोन्ही अंगावर शोभतात. खरा भेद कळतो तो चार-सहा वर्षांनीं, अंग थोडें सुटल्यावर. शिंप्यानें शिवणींत माया ठेवली असेल तर कोट उसवून सैल करतां येतो. नसेल तर तो घरांतील कोणा धाकट्याच्या वांट्याला जातो. खेळांसाठीं मुद्दाम बेतून घेतलेल्या लॅपटॉपची गोष्ट अशीच आहे. त्याच्या वेगाचें कौतुक खरेदीच्या दिवशीं पुष्कळ होतें. शिवणींत माया किती आहे, याची चौकशी मात्र क्वचितच होते. वास्तविक लाख-दोन लाख रुपये ज्या वस्तूवर खर्च व्हावयाचे, ती आठ वर्षें घरांत राबणार कीं तीन वर्षांत अडगळ होणार, हें त्या चौकशीवरच पुष्कळ अंशीं अवलंबून असतें.

हा लॅपटॉप तयार कसा होतो, तें आधीं पाहिलें पाहिजे. ‘आपल्या पसंतीचा लॅपटॉप बांधून देतों’ असें सांगणारा विक्रेता त्याचा सांगाडा बहुधा स्वतः घडवीत नसतो. तैवानांतील क्लेव्हो ही १९८३ सालीं स्थापन झालेली कंपनी असे सांगाडे तयार करते. कवच, मदरबोर्ड, पडदा, कळफलक आणि पंखे एवढें बसवून हा अर्धामुर्धा संसार ती जगभरच्या जुळणी करणाऱ्यांना विकते. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील सेजर, जर्मनींत लाइप्झिग येथील शेंकर, कॅनडांत युरोकॉम अशा अनेकांनीं क्लेव्होचे सांगाडे आपापल्या नांवानें विकले आहेत. गिऱ्हाइकानें प्रोसेसर, रॅम आणि सांठवणीचा एसएसडी निवडावा, आणि जुळणी करणारानें ते बसवून द्यावे, असा हा व्यवहार. झांकणावरचीं नांवें निराळीं असलीं तरी आंतील देह एकच असूं शकतो. ही गोष्ट प्रथम क्षुल्लक वाटते. दुरुस्तीच्या वेळीं तिचें महत्त्व कळतें.

या व्यवहाराचें मोठें आकर्षण म्हणजे भाग बदलतां येण्याची सोय. आजच्या बहुतेक लॅपटॉपांत प्रोसेसर व ग्राफिक्सची चिप हे भाग मदरबोर्डावर झाळून कायमचे पक्के केलेले असतात. २०१५ सालच्या क्लेव्होच्या पी८७०डीएम या सांगाड्यांत मात्र मेजावरच्या संगणकाचा प्रोसेसर खोबणींत बसत असे, आणि एमएक्सएम या पद्धतीचीं दोन ग्राफिक्स कार्डें स्क्रूनीं बसवितां येत. त्याचें वजन पांच किलोंच्या आसपास होतें. दोन कार्डें असलीं म्हणजे ३३० वॉटचे दोन अडॅप्टर लागत. असला लॅपटॉप मांडीवर घेणें म्हणजे पाटा मांडीवर घेण्यासारखेंच. तरीहि लोकांनीं तो आवडीनें घेतला, कारण त्या खोबणी म्हणजे शिवणींतली माया आहे असें त्यांस वाटलें. आज हा प्रोसेसर, दोन वर्षांनीं नवा. आज हें कार्ड, पुढें त्याहून सरस.

हें वचन कितपत खरें ठरलें? प्रोसेसरचीच गोष्ट घ्या. पी८७०डीएमची खोबण इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरांसाठीं होती. तिला १,१५१ संपर्कबिंदु होते, आणि त्यावरूनच तिचें नांव पडलें. सातव्या पिढीच्या प्रोसेसरांचीहि खोबण तीच राहिली. ऑक्टोबर २०१७ मध्यें आठव्या पिढीचे मेजावरच्या संगणकाचे प्रोसेसर आले; त्यांचेहि संपर्कबिंदु १,१५१ च होते. परंतु त्यांना नव्या, ३०० मालिकेच्या चिपसेटची जोड लागेल असें इंटेलनें ठरविलें. खोबण दिसावयास तीच, तरी जुन्या यंत्राला दार बंद झालें, आणि क्लेव्होलाहि त्यांच्यासाठीं नवा सांगाडा काढावा लागला. दार बंद झालें तें धातूच्या झिजेमुळें नव्हे, तर कारखानदाराच्या निर्णयामुळें.

ग्राफिक्स कार्डाची कथाहि याच वळणाची आहे. एमएक्सएम कार्डाचीं दोन मापें ठरलेलीं होतीं: एक ८२ बाय ७० मिलिमीटर व दुसरें ८२ बाय १०५ मिलिमीटर. पण कार्ड खोबणींत शिरलें म्हणजे तें चालेलच असें नाहीं. उष्णता वाहून नेणारी तांब्याची पट्टी त्या कार्डाच्या घडणीशीं जुळली पाहिजे, स्क्रूंचीं भोकें समोरासमोर आलीं पाहिजेत, वीजपुरवठा पुरला पाहिजे आणि बायॉसनें नव्या पाहुण्याला ओळखलें पाहिजे. पुढें अधिक बलवान कार्डें ठरलेल्या मापांत मावेनाशीं झालीं, आणि गिऱ्हाईक थोडें असल्यामुळें तीं महागहि पडूं लागलीं. एका मोठ्या अमेरिकन कंपनीनें २०१९ सालीं ‘बदलतां येण्याजोगा’ म्हणून जाहिरात केलेल्या अशाच एका लॅपटॉपाबद्दल २०२१ सालीं तेथील न्यायालयांत फिर्याद दाखल झाली. जाहिरातीनें जी आशा दाखविली ती पुढें पुरी झाली नाहीं, असें फिर्यादीचें म्हणणें होतें.

मग माया म्हणून कांहींच उरली नाहीं काय? तसें नाहीं. जेथें रॅम आणि एसएसडी खोबणींत बसविलेले असतात तेथें ते वाढवितां येतात, आणि जुन्या यंत्राला त्यापासून जेवढा हुरूप येतो तेवढा क्वचितच दुसऱ्या कशानें येतो. पंखे, कळफलक व बॅटरी हे झिजणारे भागहि उघडून बदलतां आले तर यंत्राचें आयुष्य वर्षावर्षानें वाढतें. सारांश, खोबणीचा खरा लाभ नवें सामर्थ्य मिळविण्यांत थोडा आणि असलेलें सामर्थ्य टिकविण्यांत अधिक आहे.

असलेलें सामर्थ्य खाणारा पहिला शत्रु म्हणजे उष्णता. लॅपटॉपांतील प्रोसेसर साधारणतः १०० अंश सेल्सिअसच्या सुमारास पोहोंचला कीं स्वतःचा वेग आपण होऊन कमी करतो. खोलीची हवा दहा अंशांनीं तापली कीं आंतील तपमानहि जवळजवळ तितकेंच वर सरकतें. म्हणून जर्मनींतील थंड खोलींत सुखानें चालणारा लॅपटॉप नागपुरास मे महिन्यांत धापा टाकूं लागला, तर त्यांत यंत्राचा दोष असेलच असें नाहीं. त्यांतच पंख्यामागील पातळ पात्यांच्या जाळींत धुळीचा लोकरीसारखा थर सांचतो, आणि श्वासाची वाट बुजते. लॅपटॉप गादीवर ठेवून खेळत बसणें म्हणजे त्याच्या नाकावर उशी ठेवणें होय. तो कठीण व सपाट जागीं ठेवावा, मागची बाजू किंचित् उचललेली असावी, आणि वर्षांतून एक-दोनदां धूळ झाडावी. झाडतांना पंख्याचें पातें बोटानें धरून ठेवावें. हवेच्या झोतानें तें गरगर फिरूं देऊं नये.

चिप आणि तांबें यांच्यामध्यें थर्मल पेस्टचा एक पातळ लेप असतो. सतत तापण्या-निवण्यानें हा लेप वाळतो किंवा कडेला सरकतो. तीन-चार वर्षांच्या लॅपटॉपचा आवाज वाढला आणि वेग उतरला, तर धुळीखालोखाल संशय या लेपाचा घ्यावा. तो पुसून नवा लावणें हें थोड्या खर्चाचें काम आहे. कांहीं हौशी लोक लेपाऐवजीं द्रवरूप धातु वापरतात. तो उष्णता उत्तम वाहून नेतो. परंतु त्यांत गॅलियम असतें, आणि गॅलियम ॲल्युमिनियमला पोखरतें. शिवाय त्याचा थेंब भलत्या जागीं ओघळला तर वीज आडवाटेनें जाऊन मदरबोर्डच निकामी होऊं शकतो. शिकाऊ हातानें त्याच्या वाटेस जाऊं नये.

दुसरी झीज बॅटरीची. असला लॅपटॉप बहुधा भिंतीच्या विजेवरच चालतो, आणि त्याची बॅटरी बारा महिने काठोकाठ भरलेली व तापलेली राहते. लिथियम बॅटरीला या दोन्ही गोष्टी बाधक आहेत. भरण्याची मर्यादा ८० टक्क्यांच्या आसपास बांधण्याची सोय अनेक लॅपटॉपांत असते, ती वापरावी. कवच फुगलेलें दिसलें, कळफलक मध्येंच उचलला गेला किंवा झांकण नीट बसेनासें झालें, तर बॅटरी फुगली असें समजावें आणि त्याच दिवशीं वापर थांबवावा. फुगलेली बॅटरी दाबणें वा टोंचणें म्हणजे आगीला आमंत्रण देणें आहे.

तिसरा प्रसंग असा कीं ज्यापुढें मालकाची कितीहि दक्षता पुरी पडत नाहीं. मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला. घरगुती वापरासाठीं ठेवलेली मुदतवाढ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. विंडोज ११ साठीं इंटेलचे प्रोसेसर बहुतांशीं आठव्या पिढीपासून पुढचेच स्वीकारले आहेत. म्हणजे २०१५ चा तो पांच किलोंचा लॅपटॉप, ज्याच्या खोबणींत सातव्या पिढीच्या पलीकडचें कांहीं अधिकृतपणें बसूं शकत नाहीं, तो पंखे व बॅटरी धडधाकट असूनहि पंक्तीबाहेर राहिला. त्याला लिनक्सचा आश्रय मिळतो, आणि अभ्यास, लेखन, हिशेब यांसाठीं तो आणखी कित्येक वर्षें राबूं शकतो. पण नवे खेळ त्याच्या हातून सुटत जातात.

म्हणून खरेदीच्या दिवशींच कांहीं गोष्टी विचारून घ्याव्या. तळाचें झांकण साध्या स्क्रूनीं उघडतें काय? रॅम आणि एसएसडी खोबणींत आहेत कीं झाळलेले? झांकण उघडल्यानें हमी रद्द होते काय? आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे सांगाड्याचा मूळ क्रमांक कोणता? विक्रेत्याचें दुकान उद्यां बंद झालें तरी हाच क्रमांक सांगून दुसऱ्या नांवाखालीं विकल्या गेलेल्या जुळ्या भावाचा पंखा वा बॅटरी शोधतां येते. ज्यानें हा क्रमांक वहींत टिपून ठेवला, त्याला पांचव्या वर्षीं भटकावें लागत नाहीं.

ही माया आतां हळूहळू कारखानदारांच्या आणि सरकारांच्याहि ध्यानांत येऊं लागली आहे. भारत सरकारनें डिसेंबर २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्कासाठीं स्वतंत्र संकेतस्थळ सुरू केलें. अमेरिकेंतील फ्रेमवर्क कंपनीच्या सोळा इंची लॅपटॉपांत ग्राफिक्सचा भाग मागच्या बाजूनें बसवितां-काढतां येतो. तो लॅपटॉप २०२४ मध्यें गिऱ्हाइकांच्या हातीं पडूं लागला, आणि २०२५ मध्यें त्याच देहासाठीं नवा ग्राफिक्सचा भाग जाहीरहि झाला. एका पिढीपुरतें का होईना, वचन पाळलें गेलें. पुढील पिढ्यांतहि तें पाळलें जाईल कीं नाहीं, हें काळ ठरवील. तोंवर गिऱ्हाइकानें वचनावर विसंबून न राहतां, आज जें हातीं येत आहे तेवढ्यानेंच आपलें काम आठ वर्षें भागेल काय, हें पाहून पैसे मोजावे. पुढें कांहीं बदलतां आलें तर तो लाभ वरकड समजावा. कोट घेतांना आजचें माप बरोबर असावें लागतें. माया ही उद्यांची सोय आहे, आजच्या चुकलेल्या मापावरचा उपाय नव्हे.