सांध्याचा कोन मोजताना

शरीरातील एखादा सांधा किती अंश वाकतो आणि कितपत सरळ होतो याची नोंद अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट रोज घेत असतात. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या, प्लास्टरमधून नुकताच हात मोकळा झालेल्या किंवा संधिवाताने आखडलेल्या रुग्णाची प्रगती बव्हंशी याच आकड्यावरून ठरते. सपाट जमिनीवर चालताना, पाय उचलून पुढे नेण्याच्या क्षणी, निरोगी गुडघा साधारण ६० अंश वाकतो. खुर्चीतून उठताना किंवा जिना उतरताना त्याला ९० अंशांच्या आसपास वाकावे लागते, आणि उकिडवे बसायचे तर १३० अंशांच्याही पुढे जावे लागते. त्यामुळे व्यायामाच्या काही आठवड्यांत ८० अंशांवरून १०० अंशांपर्यंत पोहोचलेल्या रुग्णाला हा फरक कागदावरचा वाटत नाही, कारण खुर्चीच्या हातांचा आधार न घेता उठता येणे त्यावर अवलंबून असते. हा आकडा विजेच्या साहाय्याने, सांधा हलत असतानाच मिळवण्याचे प्रयत्न गेली साठ-पासष्ट वर्षे चालू आहेत, आणि त्यांत खरी अडचण उपकरणांपेक्षा शरीराच्या बाजूनेच अधिक येत गेली आहे.

दवाखान्यात आजही सर्रास वापरले जाणारे साधन म्हणजे गोनिओमीटर, अर्थात दोन लांब भुजा जोडलेला कोनमापक. गुडघा मोजताना त्याचे केंद्र मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस हाताला लागणाऱ्या उंचवट्यावर ठेवतात. एक भुजा खुब्याजवळच्या हाडाच्या उंचवट्याकडे आणि दुसरी घोट्याच्या बाहेरच्या हाडाकडे रोखतात, आणि दोन भुजांमधला कोन वाचतात. पद्धत सोपी दिसत असली तरी मांडीवर मांसाचा आणि चरबीचा थर जाड असेल तर खुब्याचा उंचवटा बोटांनी नेमका सापडत नाही. सुमारे ४० सेंटिमीटर लांबीच्या मांडीवर ही वरची खूण १ सेंटिमीटर इकडेतिकडे झाली, तर कोनात जवळजवळ दीड अंशाची चूक येते, आणि घोट्याकडच्या व केंद्राच्या चुका त्यात मिळाल्या की एकाच गुडघ्यासाठी दोन अनुभवी फिजिओथेरपिस्टांची मोजणी पाच अंशांनी वेगळी येऊ शकते. तरीही हे साधन स्वस्त आहे, त्याला वीज लागत नाही आणि स्थिर सांध्यासाठी ते पुरेसे उपयुक्त आहे. त्याची मर्यादा अशी की ते हलता सांधा मोजू शकत नाही, आणि चालताना पावलांचे एक आवर्तन साधारण एका सेकंदात पुरे होत असल्यामुळे त्या सेकंदात गुडघा दोनदा वाकतो आणि दोनदा सरळ होतो हे त्याच्या पट्टीवर दिसणे शक्यच नसते.

ही उणीव भरून काढणारे विद्युत गोनिओमीटर १९५९ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड कॉलेजातील पीटर कार्पोविच आणि गेलॉर्ड कार्पोविच यांनी मांडले. गोनिओमीटरच्या दोन भुजा जिथे जोडलेल्या असतात तिथे त्यांनी पोटेन्शिओमीटर बसवला. पोटेन्शिओमीटर म्हणजे जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणामागे असणारा भाग. त्यात विद्युत रोध असलेल्या पदार्थाची एक वर्तुळाकार पट्टी असते आणि तिच्यावरून एक धातूचा स्पर्शक सरकतो. पट्टीच्या दोन टोकांना ५ व्होल्टचे विभवांतर दिले आणि पट्टी ३०० अंशांची असली, तर स्पर्शक ६० अंश सरकल्यावर त्याच्यावरचे विभवांतर बरोबर १ व्होल्टने बदलते. म्हणजे व्होल्ट वाचला की कोन कळला. हे व्होल्ट आज संगणकाला देताना त्यांचे आकड्यांत रूपांतर केले जाते, आणि १० बिटांचे साधे रूपांतरक वापरले तरी त्या ३०० अंशांचे १०२४ भाग होऊन अंशाच्या एकतृतीयांशाहूनही बारीक फरक ओळखता येतो. सेकंदाला शंभर वाचने घेणे तर अगदी साध्या विद्युतमंडलालाही जड जात नाही.

वाचन इतके बारीक असूनही उत्तर चुकते, आणि त्याचे कारण गुडघ्याच्या रचनेत आहे. पोटेन्शिओमीटरला एकच, न हलणारा अक्ष असतो, दाराच्या बिजागरीला असतो तसा. गुडघ्याला तसा अक्ष नसतो. मांडीच्या हाडाची खालची दोन गोलसर टोके नडगीच्या हाडाच्या जवळपास सपाट माथ्यावर काही अंशी गडगडतात आणि काही अंशी घसरतात, हे विल्हेल्म आणि एडुआर्ट वेबर या जर्मन बंधूंनी १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, माणसाच्या चालण्यावरील ग्रंथातच सांगितले होते. (यांतील विल्हेल्म वेबर म्हणजे पुढे चुंबकीय अभिवाहाच्या एककाला ज्यांचे नाव मिळाले तेच भौतिकशास्त्रज्ञ.) गडगडणे आणि घसरणे यांचे प्रमाण कोनागणिक बदलत असल्यामुळे ज्या बिंदूभोवती गुडघा त्या क्षणी वळत असतो तो बिंदूही सतत जागा बदलतो, शिवाय पाय पूर्ण सरळ होत असताना शेवटच्या काही अंशांत नडगी स्वतःभोवती किंचित बाहेर वळते. अशा सांध्यावर एका अक्षाचे उपकरण घट्ट बांधले की गुडघा एका बिंदूभोवती आणि उपकरण दुसऱ्याच बिंदूभोवती वळू पाहते, पट्टे त्वचेवर ओढले जातात, आणि जो आकडा मिळतो त्यात सांध्याचा कोन किती आणि पट्ट्याची ओढाताण किती हे वेगळे करता येत नाही. यावर उपाय म्हणून पुढे समांतरभुज चौकटीसारखी जोडणी वापरली गेली, जी भुजांची सरकण्याची हालचाल होऊ देते आणि फक्त वळण पोटेन्शिओमीटरपर्यंत पोहोचवते.

अधिक सुटसुटीत उत्तर १९८० च्या दशकात स्कॉटलंडमधील स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात ए. सी. निकोल यांच्या कामातून मिळाले. त्यांच्या गोनिओमीटरमध्ये बिजागरी नाहीच. दोन लहान ठोकळे आणि त्यांना जोडणारी लवचीक तार, एवढीच रचना असते, आणि त्या तारेवर लांबीभर स्ट्रेन गेज, म्हणजे ताणल्यावर ज्याचा विद्युत रोध बदलतो असा अतिशय बारीक वाहक, चिकटवलेला असतो. एक ठोकळा मांडीवर आणि दुसरा पोटरीच्या बाहेरच्या बाजूस चिकटवला की मधली तार कशीही वाकली तरी सगळ्या लांबीतल्या ताणांची बेरीज दोन ठोकळ्यांमधल्या कोनाइतकीच येते, त्यामुळे गुडघ्याचा अक्ष कुठे आहे हा प्रश्नच उरत नाही. हाताच्या बोटांसाठी मात्र इतके ठोकळे बसवायला जागा नसते. तिथे हातमोज्यात शिवलेल्या लवचीक पट्ट्या कामी आल्या. १९८७ च्या सुमारास आलेल्या व्हीपीएल कंपनीच्या डेटाग्लव्हमध्ये बोटांवरून प्रकाशतंतू नेलेले होते आणि बोट वाकले की त्यांतून निसटणाऱ्या प्रकाशावरून कोन काढला जात असे.

सध्या सर्वाधिक वापरात असलेला संवेदक मात्र सांध्यावर बसतच नाही. मोबाइल फोन आडवा धरला की पडदा आडवा होतो तो ज्या चकतीमुळे, तशाच काही मिलिमीटरच्या सिलिकॉन चकत्या लहान डबीत घालून एक डबी मांडीला आणि दुसरी नडगीला बांधतात. तिच्यातील त्वरणमापक गुरुत्वाकर्षण ओळखतो. डबी स्थिर असेल तर ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके त्वरण त्याच्या कोणत्या दिशेला किती वाटले गेले आहे यावरून डबीचा कल काढता येतो, आणि मांडीच्या व नडगीच्या कलांतील फरक हाच गुडघ्याचा कोन ठरतो. परंतु टाच जमिनीवर आपटली की गुरुत्वाकर्षणात आघाताचे त्वरण मिसळते आणि कल भलताच दिसू लागतो. म्हणून सोबत जायरोस्कोप असतो; त्यातील सतत कंप पावणारा सूक्ष्म भाग डबी वळताच बाजूला ढकलला जातो आणि त्या ढकलण्यावरून दर सेकंदाला किती अंश वळण झाले ते समजते. हा वेग क्षणाक्षणाला मिळवत गेले की कोन मिळतो, पण वेगातील अगदी लहानशी कायमची चूकही त्याबरोबर साठत जाते, सेकंदाला ०.१ अंशाची चूक मिनिटाअखेर ६ अंश होते, आणि दहा मिनिटांच्या व्यायामानंतर तो आकडा पूर्ण निरुपयोगी ठरतो.

एक संवेदक क्षणभरासाठी विश्वासार्ह आणि दीर्घकाळासाठी अविश्वसनीय, तर दुसऱ्याचे नेमके उलट, हे लक्षात घेऊन दोघांची सांगड घातली जाते. सर्वांत साध्या रीतीत प्रत्येक वाचनाला जायरोस्कोपने काढलेल्या कोनाचा ९८ टक्के आणि त्वरणमापकाच्या कोनाचा २ टक्के वाटा घेतात; आघाताचा धक्का त्या दोन टक्क्यांत विरून जातो, आणि तेच दोन टक्के जायरोस्कोपची साठणारी चूक हळूहळू खेचून जागेवर आणतात. रुडॉल्फ काल्मान यांनी १९६० मध्ये मांडलेली आणि अंतराळयानांच्या मार्गदर्शनात वापरली गेलेली गणिती पद्धत हेच काम अधिक काटेकोरपणे करते, कारण कोणत्या क्षणी कोणावर किती विश्वास ठेवायचा हे प्रमाण ती स्वतः ठरवत जाते. एक उणीव तरीही राहते. गुरुत्वाकर्षण उभ्या दिशेचे असल्यामुळे उभ्या अक्षाभोवतीचे वळण त्वरणमापकाला कळत नाही, आणि रुग्ण कुशीवर झोपून गुडघा वाकवू लागला की नेमका तोच अक्ष उभा होतो. तिथे चुंबकमापकाची मदत घ्यावी लागते, पण रुग्णालयातील लोखंडी पलंग आणि स्लॅबमधल्या सळया पृथ्वीचे क्षीण चुंबकीय क्षेत्र इतके विस्कटून टाकतात की ती मदत अनेकदा अडचणच होऊन बसते.

एवढे जुळल्यावरही डबीचा कल म्हणजे हाडाचा कल नव्हे. मांडीच्या पुढच्या बाजूस बांधलेली डबी स्नायू आवळताच वर उचलली जाते, म्हणून तिला बाहेरच्या बाजूस बांधतात. नडगीवर मात्र आतल्या बाजूला, जिथे त्वचेखाली लगेच हाड लागते, तिथे ती चांगली बसते. बर्लिनमधील थॉमस सील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. मांडीपासून पाय गमावलेल्या आणि कृत्रिम पाय वापरणाऱ्या एका व्यक्तीच्या दोन्ही पायांवर सारखेच संवेदक बांधून त्यांची तुलना कॅमेऱ्यांनी टिपलेल्या हालचालीशी केली असता, कृत्रिम गुडघ्याच्या कोनातील चूक १ अंशाहून कमी निघाली आणि नैसर्गिक गुडघ्याच्या कोनातील चूक सुमारे ३ अंश. माणूस तोच, चाल तीच, संवेदक आणि गणितही तेच. धातूच्या जागी त्वचा, चरबी आणि स्नायू आले एवढाच मुख्य फरक. संवेदकाच्या वेष्टनावर अंशाच्या दशांशापर्यंतची अचूकता छापलेली असते, तिचा अर्थ लावताना हा प्रयोग आठवला पाहिजे.

शून्य कुठे धरायचा हा प्रश्नही वाटतो तितका साधा नाही. सरळ गुडघा म्हणजे शून्य हा संकेत आज रूढ असून अमेरिकेतील अस्थिशल्यविशारदांच्या संघटनेने १९६५ मध्ये सांधेमापनावर काढलेल्या पुस्तिकेने तो पक्का केला. त्याआधी सरळ गुडघ्याला १८० अंश म्हणण्याचीही रीत होती. संवेदक बांधल्यावर रुग्णाला ताठ उभे करून त्या स्थितीला शून्य म्हटले जाते, पण ज्याचा गुडघा मुळात १० अंश वाकलेल्या अवस्थेत आखडला आहे तो ताठ उभा राहूच शकत नाही, आणि त्याची ती अवस्था शून्य मानली की त्याचे दुखणेच नोंदीतून पुसले जाते. म्हणून अशा रुग्णाची सुरुवातीची स्थिती साध्या गोनिओमीटरने मोजून तेवढे अंश संगणकात भरावे लागतात. सांधा रुग्णाने स्वतः हलवला की दुसऱ्याने हलवून दिला, हेही लिहिणे आवश्यक असते. शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपिस्टच्या हातांत पूर्ण सरळ होणारा गुडघा रुग्णाच्या स्वतःच्या ताकदीने मात्र दहा-पंधरा अंश आधीच थांबतो, आणि हा फरक मांडीच्या पुढच्या स्नायूची दुर्बलता दाखवतो.

संवेदकांची किंमत उतरल्यामुळे रुग्णाने घरी केलेला व्यायाम मोजणे आता शक्य झाले आहे, आणि त्याचे मोल मोठे आहे, कारण दिवसभरात गुडघा कितीदा ९० अंशांपलीकडे गेला हे आठवड्यातून एकदा होणाऱ्या तपासणीत कळत नाही. चालण्याचे आलेख यासाठी उत्तम तयार झाले आहेत. जमिनीवर पंगतीला बसणे, शेतात उकिडवे बसून खुरपणे, देवापुढे गुडघे टेकणे या हालचालींचे मापन मात्र त्या तुलनेत कठीण आहे. इतक्या खोल वाकलेल्या गुडघ्यात पोटरी मांडीच्या मागच्या बाजूवर दाबली जाते, दोन्हीकडचे मांस बाहेर फुगते आणि त्यावर बांधलेल्या डब्या हाडांपासून सर्वाधिक ढळतात. महाराष्ट्रातील ज्या रुग्णाला घरी परतल्यावर जमिनीवर बसायचे आहे त्याच्या दृष्टीने शंभर अंशांपुढचा हाच टप्पा महत्त्वाचा असल्यामुळे, तिथली चूक किती आणि ती डबीची जागा बदलून किती कमी होते, हे मांडी घालणाऱ्या आणि उकिडवे बसणाऱ्या माणसांवरच तपासावे लागेल.