तोतया ओळखावा कसा?

जगात एकासारखी एक अशी सात माणसे असतात, असे आपल्याकडची वडीलधारी मंडळी सांगतात. तुमच्याआमच्या बाबतीत उरलेल्या सहांशी कुणालाच कर्तव्य नसते. फार तर लकडी पुलावर कोणी पाठीवर थाप मारतो, ‘काय जोशीबुवा, कधी आलात?’ म्हणतो आणि तोंड बघून ओशाळतो. पण त्या सातांतला एक जर सेनापती निघाला, तर दुसऱ्याच्या निव्वळ नाकाडोळ्यांना एकदम मोल चढते. कधी ते राज्याचे असते, कधी प्राणाचे.

मला या विषयाचा नाद लागला तो आपल्या ‘तोतया’ या शब्दापायी. हा शब्द उच्चारला की मराठी माणसाला एकच प्रकरण आठवते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. रणात सापडलेल्या एका देहाची ओळख पटवून त्याला अग्नीही दिला गेला. पण पुण्याच्या वाड्यातल्या कोणी ते डोळ्यांनी पाहिले नव्हते. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई त्या रणातून परत आल्या, त्यांनी पतीचे मरण मानलेच नाही. कुंकू पुसले नाही. घरोघरचे कोणी ना कोणी त्या रणात हरवले होते. ‘भाऊसाहेब येतील’ या आशेत ‘आमचाही येईल’ ही आशा गुंतलेली होती.

अशा वेळी उत्तरेत एक कनोजी ब्राह्मण उभा राहिला आणि म्हणाला, ‘मीच भाऊ.’ माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत त्याला कैद झाली आणि शेवटी त्याची रवानगी रत्नागिरीच्या किल्ल्यात झाली. प्रकरण तिथेच संपायचे. पण १७७६ साली तिथला सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यानेच त्याला बाहेर काढले आणि धनी म्हणून मुजरा केला! बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे फौज घेऊन धावले, तेव्हा कुठे त्याचा मोड झाला. गलबतातून पळताना तो आंग्र्यांच्या हाती सापडला. पुण्यात रामशास्त्री प्रभुणे आदी मंडळींपुढे चौकशी झाली, तो तोतया ठरला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकाने हे प्रकरण पुढे रंगभूमीवरही आणले.

आता विचार करा. पंधरा वर्षे उलटल्यावर माणूस ओळखायचा, तो कशावरून? फोटो नाही. तैलचित्र असलेच तर चार घरांत. पंधरा वर्षांनी तर खऱ्या माणसाचाही चेहरा पालटतो. गाल बसतात, केस पिकतात, आवाज जाडावतो. फरक दिसला की ‘हाल सोसले बिचाऱ्याने’ म्हणायला आपण मोकळे! चेहऱ्याची ओळख ही निम्मी डोळ्यांची आणि निम्मी इच्छेची असते. लबाड माणूस नेमका त्या दुसऱ्या निम्म्यावर जगतो.

म्हणूनच शोधकांनी पुढे चेहऱ्याचा नाद सोडला. १८८०च्या सुमारास पॅरिसच्या पोलिसांत आल्फोंस बर्तियाँ नावाचा कारकून गुन्हेगारांची मोजमापे घेऊ लागला. त्याचा विशेष भर होता कानावर. दाढी वाढवता येते, पगडी कपाळावर ओढता येते. पण कानाची वळणे, पाळी गालाला चिकटलेली की सुटी, हे सहसा कोणी बदलत नाही. त्याहून पक्की खूण म्हणजे बोटांचे ठसे. जुळ्या भावांचेसुद्धा ते वेगळे असतात. ठशांवरून माणूस ओळखण्याची कचेरी १८९७ साली निघाली, तीही आपल्या कलकत्त्यात!

माझ्या मावसबहिणीचे दोन मुलगे जुळे आहेत. पाहुण्यांची दर वेळी त्रेधा उडते. बहीण मात्र स्वयंपाकघरातून, पाठ न फिरवता, जिन्यावरच्या पावलांवरून सांगते, कोण आला ते. चालणे आणि सवयी यांची नक्कल करणे चेहऱ्याहून अवघड.

हे दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांना चांगले ठाऊक होते. जनरल माँटगोमेरी यांच्यासारखा हुबेहूब दिसणारा क्लिफ्टन जेम्स नावाचा नट त्यांना आपल्याच सैन्याच्या पगारखात्यात सापडला. मे १९४४ मध्ये, नॉर्मंडीवर उतरण्याच्या ऐन तोंडावर, त्याला माँटगोमेरी म्हणून जिब्राल्टरला आणि पुढे अल्जिअर्सला पाठवले, शत्रूचे लक्ष भलतीकडे वळावे म्हणून. चेहरा देवाने दिला होता. अडचण होती बाकीची. खरे जनरल दारू-तंबाखूला शिवत नसत, याला दोन्ही हव्या. शिवाय पहिल्या महायुद्धात याचे एक बोट गेलेले. मग खोटे बोट बसवावे लागले!

पण सगळीच सोंगे लबाडीची नसतात. १६६० च्या जुलैत पन्हाळ्याच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निसटले, तेव्हा दुसऱ्या पालखीत बसलेला शिवा काशीद परंपरेने आपल्याला ठाऊक आहे. तोतयाला कधीच पकडले जायचे नसते. शिवा काशीदला पकडले जायचेच होते. फक्त ओळख पटायला जितका उशीर होईल तितका हवा होता. त्या उशिराची किंमत त्याने प्राणांनी मोजली. एकाने दुसऱ्याचा चेहरा राज्य मिळवायला वापरला, दुसऱ्याने राज्य राखायला.

आज शास्त्राने शेवटचा शब्द आपल्या हाती घेतला आहे. बर्लिनमध्ये १९२० साली सापडलेली एक बाई पुढे स्वतःला रशियाच्या झारची कन्या अनास्ताशिया म्हणवू लागली. अ‍ॅना अँडरसन या नावाने ती १९८४ साली वारली; कज्जे चालले, जग दुभंगले. १९९४ मध्ये एका इस्पितळात जपून ठेवलेल्या तिच्या पेशींची डीएनए तपासणी झाली आणि झारच्या घराण्याशी तिचे नाते नाही, हे सिद्ध झाले. तरीही काही भक्त बधले नाहीत.

आणि आता तर तोतयाला नाकाडोळ्यांचीही गरज उरली नाही. यंत्र कुणाचाही चेहरा नि आवाज बनवून देते. मुलाच्या आवाजात फोन येतो, ‘आई, अडचणीत आहे, पैसे पाठव.’ अशा वेळी आवाज ओळखत बसू नका. फोन ठेवा, त्याच्या नेहमीच्या नंबरावर आपण होऊन लावा. किंवा घरातल्यालाच ठाऊक असेल असे काही विचारा. लहानपणी कुठल्या पायरीवरून पडलास, आजी तुला काय म्हणून हाक मारायची? यंत्राला चेहरा चोरता येतो. आजीची हाक सहसा सापडत नाही.

पार्वतीबाई १७८३ साली वारल्या, त्या सौभाग्यवती म्हणूनच. तोतयाला मरून तेव्हा सात वर्षे झाली होती. खोटा भाऊ खोटा ठरला, म्हणून खऱ्या भाऊंची वाट पाहणे त्यांनी थांबवले नाही.