पडद्यावर दिसलं नाही, ते खेळात सापडलं!

बॉण्डचा ‘गोल्डनआय’ पाहिलेले पुष्कळ भेटतील. पण त्याच नावाचा व्हिडिओ गेम हा त्या सिनेमाचा एक वेगळाच दस्तावेज आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. सेटवरच्या ज्या खोल्या कॅमेऱ्यानं टिपल्या नाहीत, त्या गेमनं जपून ठेवल्या. त्या दोघांची ही गमतीदार जन्मकथा...

एक अवाढव्य धरण. त्याच्या कठड्यावरून काळ्या कपड्यातला एक माणूस धावत येतो, पायाला दोर अडकवतो आणि क्षणाचाही विचार न करता खाली झेप घेतो. १९९५ साली ‘गोल्डनआय’ची सुरुवात पाहताना थिएटरात श्वास रोखला गेला नाही, असा प्रेक्षक विरळाच!

सिनेमा म्हणतो, हे सोव्हिएत रशियातलं धरण आहे. प्रत्यक्षात ते आहे स्वित्झर्लंडमध्ये. व्हेर्झास्का धरण, उंची २२० मीटर. उडी मारणारा होता स्टंटमन वेन मायकल्स. त्यात ट्रिक फोटोग्राफी नव्हती. खरं धरण, खरा माणूस, खरा दोर.

दोन वर्षांनी, १९९७ मध्ये, हेच धरण टीव्हीच्या पडद्यावर पुन्हा अवतरलं. यावेळी उडी मारायची होती ती घरी बसलेल्या पोरांनी, हातातल्या कण्ट्रोलरची बटणं दाबून. ‘गोल्डनआय ००७’ हा निन्टेण्डो-६४ या यंत्रावरचा व्हिडिओ गेम. त्याच्या ऐंशी लाखांहून अधिक प्रती खपल्या.

सिनेमावरून निघालेले गेम म्हणजे बहुधा घाईघाईत उरकलेला, सिनेमाच्या नावावर खपवायचा माल. मग हाच एक वेगळा का निघाला?

बॉण्ड संपला म्हणतात तो...

आधी सिनेमाकडे वळू. १९८९च्या ‘लायसन्स टू किल’नंतर बॉण्ड तब्बल सहा वर्षं पडद्यावरून गायब होता. हक्कांवरून कोर्टकज्जे चालू होते. टिमोथी डाल्टननं वाट पाहून पाहून १९९४ मध्ये भूमिका सोडली. त्यातच बर्लिनची भिंत पडली, सोव्हिएत संघ विरघळला. शत्रूच उरला नाही, तर हेरानं करायचं काय? बॉण्ड आता कालबाह्य झाला, असं उघड बोललं जाऊ लागलं.

पिअर्स ब्रॉस्ननचीही एक चुटपुट होती. १९८६ मध्ये बॉण्डची भूमिका त्याच्या अगदी हाताशी आली होती. पण ‘रेमिंग्टन स्टील’ या टीव्ही मालिकेच्या करारानं त्याचे पाय बांधले आणि बॉण्ड झाला डाल्टन. ब्रॉस्ननची पत्नी कॅसॅण्ड्रा हॅरिस १९८१च्या ‘फॉर युअर आइज ओन्ली’ या बॉण्डपटात झळकली होती. १९९१ मध्ये कर्करोगानं तिचं निधन झालं. नवऱ्याला बॉण्ड झालेला पाहणं तिच्या नशिबी नव्हतं.

नमनालाच आणखी एक अडचण. बॉण्डपटांचं हक्काचं घर म्हणजे लंडनजवळचा पाइनवूड स्टुडिओ. तिथं जागा मिळेना! मग निर्मात्यांनी लीव्हजडेन इथला रोल्स-रॉइसचा रिकामा पडलेला कारखाना गाठला. दुसऱ्या महायुद्धात इथं लढाऊ विमानं बनायची. त्याच आवारात सेण्ट पीटर्सबर्गचे रस्ते उभे राहिले. (पुढे याच जागेत हॅरी पॉटरचं हॉगवर्ट्स उभं राहिलं, हे ऐकून घरातली मुलं कान टवकारतील!)

रणगाड्याचा तो धमाल पाठलाग थोडा खऱ्या सेण्ट पीटर्सबर्गमध्ये आणि बराचसा या कारखान्याच्या आवारात चित्रित झाला. रणगाडा जुना टी-५५. त्याला नवा दिसावा म्हणून साज चढवला होता. खऱ्या शहरातले रस्ते उखडू नयेत म्हणून त्याचे लोखंडी पट्टे काढून ब्रिटिश रणगाड्याचे रबर लावलेले पट्टे बसवले. एवढी काळजी खलनायकानं घेतली असती, तर बॉण्डला कामच उरलं नसतं!

नवशिक्यांची टोळी

सिनेमाची तयारी चालू असतानाच इंग्लंडमधल्या ट्वायक्रॉस या आडगावात ‘रेअर’ नावाच्या कंपनीकडे त्याचा गेम करायचं काम आलं. मार्टिन हॉलिस या तरुणाकडे सूत्रं गेली. जेमतेम दहा जणांचा चमू. त्यातल्या आठ जणांनी आयुष्यात एकही गेम केलेला नव्हता! त्यांच्यातला डेव्हिड डोक तर ऑक्सफर्डमध्ये बायोकेमिस्ट्रीचं संशोधन सोडून आलेला. भरीस भर म्हणजे ज्या यंत्रासाठी गेम करायचा, ते यंत्रच अजून तयार व्हायचं होतं.

अनुभव नसला की माणूस काय करतो? समोर जे आहे, ते नीट पाहतो. या मंडळींनी लीव्हजडेनला वारंवार चकरा मारल्या. सेटचे ढिगानं फोटो काढले, नकाशे मिळवले आणि ऑफिसात येऊन त्या जागा कॉम्प्युटरवर जशाच्या तशा उभ्या करायला घेतल्या.

इथंच खरी गंमत झाली. सिनेमात दिग्दर्शकाला हवा तेवढाच कोपरा दिसतो. दार उघडून बॉण्ड आत येतो, दुसऱ्या दारानं जातो, विषय संपला. पण सेट बांधणाऱ्यांनी त्यापलीकडेही बरंच बांधलेलं असतं. गेमवाल्यांनी ते सगळं उचललं. आधी इमारत उभी केली आणि बॉण्डनं कुठून शिरायचं, कुठून निसटायचं, याचा विचार मागाहून केला. त्यामुळे या गेममध्ये अशा कितीतरी खोल्या आहेत, ज्यांचा कथेशी काडीचा संबंध नाही. आत जावं तर नुसती टेबलं, खोकी, कपाटं. हॉलिसचं म्हणणं असं, की खऱ्या इमारतीतही निरुपयोगी खोल्या असतातच ना? म्हणूनच ती जागा खरी वाटते.

आधीच्या बहुतेक गेममध्ये खेळणारा एका ठरलेल्या वाटेनं पळायचा. इथं मुलं चक्क भटकू लागली. बॉण्डसारखी दबकत, कोपऱ्यातून डोकावत.

धरणापलीकडचं बेट

या भटकण्यातूनच दंतकथा जन्मल्या. धरणाच्या पहिल्याच टप्प्यात दुर्बीण लावलेल्या बंदुकीतून पाण्याकडे पाहिलं, की पलीकडे एक बेट दिसतं. तिथं जायला वाट नाही. मग तिथं काय आहे? पोरांनी रात्री जागवल्या! अखेर कळलं ते एवढंच, की बॉण्ड होडीतून तिथं जाणार, असा मूळचा बेत होता. बेत बारगळला, बेट मात्र राहून गेलं.

दुसरी दंतकथा ‘सगळ्या बॉण्डां’ची. शॉन कॉनरी, रॉजर मूर आणि डाल्टन या जुन्या बॉण्डनाही ब्रॉस्ननबरोबर खेळात घ्यायचं ठरलं होतं. चेहरेही तयार होते. पण कॉनरीचा चेहरा वापरण्याचा हक्क आड आला आणि ऐन शेवटी तिघांनाही डच्चू मिळाला. १९९८ मध्ये एका अमेरिकन मासिकानं, ते अजून गेममध्ये दडलेत, अशी एप्रिल फूलची पुडी सोडली आणि कित्येक जण फसले.

त्याहून मोठा छुपा माल मात्र खरा निघाला. २०१२ मध्ये शोधकर्त्यांना या गेमच्या पोटात ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ या ऐंशीच्या दशकातल्या कॉम्प्युटरचे दहा जुने गेम सापडले! कुणीतरी प्रयोग म्हणून ते घातले होते आणि काढायचे राहिले होते. पंधरा वर्षं ते लाखो घरांत मुकाट पडून होते.

न विचारता केलेलं काम

गेम कामाला लागला तेव्हा तो सिनेमाबरोबर यावा अशी अपेक्षा होती. पण उशीर होत होत दोन वर्षं उलटली. सिनेमाचे पोस्टर भिंतींवरून उतरले. आता याला विचारणार कोण?

या उशिराचा एक फायदा झाला. शेवटच्या काही महिन्यांत स्टीव्ह एलिस या प्रोग्रॅमरनं चौघांनी एकाच टीव्हीवर, पडद्याचे चार भाग करून, एकमेकांशी खेळण्याची सोय जोडली. वरिष्ठांना आधी विचारलंच नव्हतं. गोष्ट चालू झाली, तेव्हा दाखवली. आज हा गेम खेळलेल्या कुणालाही विचारा, तो बॉण्डच्या कामगिरीआधी या चौघांच्या धुमश्चक्रीबद्दलच बोलेल.

आणि भांडणांबद्दलही! त्यातलं सर्वांत मोठं भांडण ऑडजॉबचं. हा ‘गोल्डफिंगर’मधला (१९६४) टोपीफेक्या खलनायक. सिनेमात तो साकारणारा हॅरॉल्ड साकाटा दणकट पैलवान, १९४८च्या ऑलिम्पिकमधला वेटलिफ्टिंगचा रौप्यपदक विजेता. गेममध्ये मात्र तो बुटका! नेम धरावा तर गोळी डोक्यावरून जाते. त्यामुळे ‘ऑडजॉब घ्यायचा नाही’ हा घराघरातला अलिखित नियम झाला. पुढे २०१८ मध्ये गेम करणाऱ्यांनीच कबूल केलं, की ऑडजॉब घेणं ही चक्क लबाडी आहे.

मियामोतोंचा फॅक्स

बंदुकांचा हा खेळ मुलांच्या हाती द्यावा का, हा प्रश्न आईबापांना पडतो. तो निन्टेण्डोमध्येही पडला होता. मारिओचे जनक शिगेरू मियामोतो यांनी चमूला फॅक्स पाठवला. हाणामारी फार जवळून होतेय, जरा क्लेशकारक वाटतं. मग शेवटी बॉण्डनं हॉस्पिटलमध्ये जाऊन सगळ्या शत्रूंशी हस्तांदोलन करावं, असं सुचवलं!

तसं काही झालं नाही. पण हॉलिसनं त्यातला भाव घेतला. गेमच्या अखेरीस नाटकातल्यासारखी प्रत्येक पात्राची नावानिशी ओळख करून दिली जाते. म्हणजे, मंडळी, हा सगळा खेळ होता.

चौकट : तुम्हाला हे ठाऊक होतं?

● ‘गोल्डनआय’ हे इयान फ्लेमिंगच्या जमैकातल्या घराचं नाव. बॉण्डच्या कादंबऱ्या त्यानं तिथंच लिहिल्या.
● गेममध्ये बॉण्डला मदत करणाऱ्या फितूर शास्त्रज्ञाचं नाव डॉ. डोक. नाव आणि चेहरा दोन्ही गेम करणाऱ्या डेव्हिड डोकचे. पहारेकऱ्यांचे चेहरेही कंपनीतल्याच मंडळींचे!
● ‘क्लॉब’ ही गेममधली सर्वांत कुचकामी बंदूक. निन्टेण्डोचे अधिकारी केन लॉब यांच्या नावावरून तिचं बारसं झालं.
● सिनेमात नाइटक्लबमध्ये भसाड्या आवाजात गाणारी बाई म्हणजे अभिनेत्री मिनी ड्रायव्हर.
● बॉण्डच्या मनगटावर ओमेगाचं घड्याळ आलं, ते याच सिनेमापासून. गेममध्ये खेळ थांबवला की हे मनगटी घड्याळच समोर येतं.

जे उरलं ते

सिनेमानं जगभरात पस्तीस कोटी डॉलरपेक्षा जास्त कमाई केली आणि बॉण्ड वाचला. पण लघुप्रतिकृतींमधून त्यातले स्फोट आणि तलावातून वर येणारी ती महाकाय तबकडी उभी करणारे डेरेक मेडिंग्ज मात्र प्रदर्शनाआधीच, सप्टेंबर १९९५ मध्ये, गेले. सिनेमा त्यांच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे.

त्या तबकडीचा खरा अवतार होता पोर्टो रिकोतली अरेसिबोची रेडिओ दुर्बीण, ३०५ मीटर रुंदीची. सिनेमात ती क्यूबात दाखवली आहे. शेवटी वर टांगलेला पेटता सांगाडा तबकडीवर कोसळतो आणि खलनायक चिरडला जातो. पंचवीस वर्षांनी, १ डिसेंबर २०२० रोजी, खरोखरच तसं घडलं. केबल तुटल्या आणि नऊशे टनांचा सांगाडा तबकडीवर येऊन आदळला. १९६३ पासून अवकाशाचा कानोसा घेणारी दुर्बीण क्षणात संपली.

लीव्हजडेनचे ते सेट कधीच मोडले. अरेसिबोचा सांगाडाही राहिला नाही. जानेवारी २०२३ मध्ये हा गेम नव्या यंत्रांवर पुन्हा आला, तेव्हा आता चाळिशीत पोहोचलेल्या जुन्या खेळाडूंनी तो आपल्या मुलांबरोबर सुरू केला असेल. त्या मुलांना तो सांगाडा अजूनही शाबूत दिसेल, त्यावर धावता येईल. आणि धरणावर पोहोचल्यावर ती हमखास विचारतील, ‘बाबा, त्या बेटावर काय आहे?’