मुलांच्या जपानी चित्रपटांविषयीं दोन शब्द

आमच्या भंडाऱ्याच्या घरांत आज तेरा माणसें आहेत. त्यांत सर्वांत अबोल म्हणजे माझ्या धाकट्या बंधूचा चौदा वर्षांचा मुलगा. बंधूच्या निधनानंतर त्याच्या आईस नोकरीसाठीं परगांवीं राहावें लागलें, आणि मुलगा शिक्षणासाठीं आमच्याकडे आला. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं तो माडीवरच्या खोलींत जाऊन बसे, आणि आंतून कोणत्या तरी अपरिचित भाषेंतील बोलणें ऐकूं येई. चौकशी करतां कळलें कीं, तो जपानी हलतीं चित्रें पाहतो. त्यांस 'ॲनिमे' म्हणतात. घरांतील वडील मंडळींनीं तीं न पाहतांच त्यांना पोरखेळ ठरवून टाकलें होतें. मीही एकदां रागाच्या भरांत सर्वांदेखत त्याला म्हणालों, "ज्या घरचें अन्न खातोस, त्या घरच्या चार माणसांत बसावयास काय होतें?" हें वाक्य पुढें माझें मलाच ऐकावें लागलें. तें कसें, तें शेवटीं सांगतों.

मुलगा उलट बोलला नाहीं. "काका, तुम्ही एकदां पाहा तरी," एवढेंच म्हणाला. आणि मोठ्या चातुर्यानें त्यानें आरंभ केला तो आमच्या वैनगंगेपासून.

किपलिंगच्या 'जंगल बुक' या १८९४ च्या पुस्तकांतील मोगली हा सिवनीच्या डोंगरांतील लांडग्यांनीं वाढविलेला मुलगा. या पोराची नदी ती वैनगंगाच. सिवनी जिल्ह्यांत उगम पावून तीच आमच्या गांवाजवळून वाहते, आणि पवनीच्या बाजूस गोसीखुर्दच्या धरणांत अडते. किपलिंगचा जन्म मुंबईचा. पण सिवनीच्या अरण्याचें वर्णन त्यानें मुख्यतः स्टर्नडेल नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या ग्रंथाच्या आधारें केलें. या कथेवर 'निप्पॉन ॲनिमेशन' या जपानी संस्थेनें १९८९ सालीं ५२ भागांची चित्रमाला काढली. दूरदर्शनवर ती हिंदींत दाखविली गेली, तेव्हां तिचें गीत गुलजार यांनीं लिहिलें, चाल विशाल भारद्वाज यांनीं दिली, आणि शेरखानाला आवाज दिला तो आपल्या नाना पाटेकरांनीं. आमच्या घरांतील आज पस्तिशी-चाळिशीला आलेल्या मंडळींना तें गीत तोंडपाठ आहे. परंतु आपण लहानपणीं जपानी चित्रें पाहत होतों, हें त्यांतील एकासही ठाऊक नव्हतें! ज्या घरांत लहान मुलें असतील, त्यांनीं आरंभ येथूनच करावा. आणि जोडीला व्यंकटेश माडगूळकरांचें 'नागझिरा' मोठ्यानें वाचावें. तें अरण्य १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यांत होतें; आतां तें गोंदियांत गेलें.

दुसरें चित्र रामायणाचें. युगो साको हे जपानी गृहस्थ भारतांत पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करावयास आले, आणि रामकथेनें भारले गेले. परक्यानें रामाला व्यंगचित्राच्या रूपांत दाखवावें, याला येथें प्रथम आक्षेप घेतला गेला. तरी राम मोहन या आपल्या श्रेष्ठ चित्रकाराच्या साहाय्यानें १९९२ सालीं तें काम तडीस गेलें. सुमारें साडेचारशें कलावंतांनीं लाखभर चित्रें हातानें काढलीं. संगीत वनराज भाटियांचें, आणि मूळ चित्रपटांतील संस्कृत गीतें वसंत देव यांचीं. २०२५ च्या जानेवारींत तें आपल्याकडे चित्रपटगृहांत पुन्हां लागलें. आमच्या मातोश्री पंच्याऐंशी वर्षांच्या आहेत. चित्र संपल्यावर त्या इतकेंच म्हणाल्या, "जपान्यांनीं मर्यादा सोडली नाहीं हो." आमच्या घरांत याहून मोठें प्रशस्तिपत्र नाहीं.

यापुढें खास जपानी घरांत शिरावें. मियाझाकी यांचें 'तोतोरो' हें १९८८ चें चित्र सहा वर्षांच्या मुलालाही दाखवावें. आई रुग्णालयांत आहे. वडील दोन मुलींना घेऊन खेड्यांत राहावयास येतात. आणि शेजारच्या प्रचंड कापराच्या वृक्षांत एक केसाळ, निरुपद्रवी वनदेव राहतो. कथेंत दुष्ट माणूस एकही नाहीं. भीति आहे ती एकच, कीं आई घरीं येईल कीं नाहीं. त्यांतील धानाच्या बांध्या पाहून आमच्या शेतावरची बाई म्हणाली, "हे तं आपल्याच गावचं व्हय!" रोवणीच्या दिवसांत आमच्या जिल्ह्याचें जें रूप असतें, तेंच हें.

पुस्तकांत अग्रमान 'तोत्तोचान'ला द्यावा. तेत्सुको कुरोयानागी यांच्या या शालेय आठवणी चेतना सरस्वती गोसावी यांनीं मराठींत आणल्या आहेत, आणि पुष्कळ घरीं त्या असतीलच. एका शाळेनें काढून टाकलेल्या मुलीला कोबायाशी नांवाचे मुख्याध्यापक जवळ बसवून घेतात, आणि तिचें बोलणें तासन् तास ऐकत राहतात. २०२३ सालीं या पुस्तकाचेंही हलतें चित्र झालें आहे. पुस्तक आधीं वाचावें, चित्र मागाहून पाहावें.

खेळांपैकीं एक तर आपल्या घरांसाठींच निघाला आहे, असें वाटतें. 'चिहायाफुरु' या चित्रमालेंत तो येतो; नांव 'कारुता'. जुन्या शंभर कवितांचा एक संग्रह आहे. पत्त्यांवर प्रत्येक कवितेचा केवळ उत्तरार्ध असतो. वाचणारा कविता म्हणूं लागला, कीं आरंभीच्या अक्षरांवरून ओळखून जो प्रथम पत्ता उचलील तो जिंकला. भेंड्या खेळलेल्या माणसास याची गोडी सांगावयास नको. आम्हीं मनाच्या श्लोकांतून पन्नास श्लोक निवडले, जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर त्यांचे शेवटचे दोन दोन चरण लिहिले, आणि माजघरांत पसरले. जीं मुलें परवचा म्हणावयास कुरकुरत, तींच आतां श्लोक घोकूं लागलीं आहेत.

संगीताविषयीं संगीतप्रेमी वाचकांनीं एक गंमत अवश्य पडताळून पाहावी. जपानी शाळांतून शिकविल्या जाणाऱ्या कित्येक जुन्या गीतांत 'योनानुकी' नांवाची स्वरमाला असते. तिचा अर्थच 'चौथा व सातवा सोडलेला'. मध्यम व निषाद गळले, म्हणजे राहिला तो आपला भूप! या चित्रपटांची गोडी लागलेल्यांनीं जो हिसाइशी यांचें संगीत स्वतंत्रपणें ऐकावें. 'तोतोरो'चें संगीत त्यांचेंच आहे.

आतां इशारा. जपानांत ही कला केवळ बालकांसाठीं नाहीं. तींत प्रौढांच्या कथा आहेत, तशी रक्तपाताची व हीन अभिरुचीचीही भर आहे. म्हणून निवड हवी, आणि ती शेजारीं बसूनच करतां येते. दार लावून घेतलेल्या मुलाची निवड कोण करणार?

शेवटीं 'होतारु नो हाका', म्हणजे काजव्यांचें थडगें. ताकाहाता यांचें हें चित्र 'तोतोरो'बरोबर एकाच दिवशीं प्रदर्शित झालें. पण तें बारा-तेरा वर्षांखालील मुलांस दाखवूं नये. १९४५ च्या बाँबवर्षावांत कोबे शहर जळतें, आई मरते, आणि चौदा वर्षांचा मुलगा चार वर्षांच्या बहिणीला घेऊन एका नातलग बाईच्या आश्रयास जातो. ती बाई राक्षसीण नाहीं. ती केवळ तांदूळ मोजते. वाढतांना कोणाला दाट व कोणाला पातळ हें ठरविते. आणि जो घरासाठीं खपत नाहीं त्यानें अन्न कशाला मागावें, असें बोलून दाखविते. मुलें घर सोडून एका तळ्याकाठच्या खंदकांत राहावयास जातात. पुढें जें होतें तें मी सांगत नाहीं. मूळ कथेचे लेखक नोसाका यांची धाकटी बहीणही युद्धकाळांत अशीच उपासमारीनें गेली होती.

चित्र संपलें तेव्हां मुलगा माझ्याकडे पाहत नव्हता. त्यानें हें चित्र मुद्दाम निवडलें होतें कीं सहज, तें मीं विचारलें नाहीं. विचारण्याचा अधिकारही मला राहिला नव्हता. एकत्र कुटुंबांत पान सर्वांना मिळतें. पण तें कोणत्या शब्दांबरोबर वाढलें जातें, हें आम्हां वडीलधाऱ्यांच्या ध्यानांत राहत नाहीं. मी त्याची क्षमा मागितली. "असूं द्या हो, काका," असें म्हणून तो निजावयास गेला.

त्यानंतर दूरदर्शनचा संच माडीवरून माजघरांत आला आहे. शनिवारीं रात्रीं जेवणें लवकर होतात. मातोश्री पुढें आरामखुर्चींत बसतात, आणि दर पांच मिनिटांनीं "ही कोण रे? ती कोण?" असें विचारून नातवाला हैराण करतात, तोही न कंटाळता सांगतो. या शनिवारीं 'तोत्तोचान' लावावयाचें आहे. निवड त्याचीच आहे.